बी-६ला धातूची साथ लागते का? पार्श्वभूमी

राजारामपुरीतल्या कुठल्याही लॅबचा लिव्हरचा रिपोर्ट घ्या, त्यात एसजीपीटी असतंच, आणि त्यातला शेवटचा टी ट्रान्सअमिनेज या एन्झाइमचा हे आपल्या कोल्हापुरातल्या बीएस्सीच्या पोरांना तोंडपाठ असतं. पण या एन्झाइमला बी-६ या व्हिटॅमिनबरोबर धातूचा आयनपण लागतो का, असं विचारलं की गोंधळ सुरू.

अमिनो गट एका अमिनो अ‍ॅसिडवरनं उचलून दुसऱ्या रेणूवर ठेवायची ही ट्रान्सअमिनेजची क्रिया १९३७ साली कबुतराच्या छातीच्या स्नायूत सापडली, पुढच्याच वर्षी बी-६ शुद्ध स्फटिकात मिळालं, पण दोघांचं नातं कळायला चाळीसचं दशक उजाडलं. १९४५ मध्ये पायरिडॉक्सल (बी-६चंच एक रूप) आणि ग्लुटामेट हे अमिनो अ‍ॅसिड नुसतं पाण्यात तापवलं तर अमिनो गटाची अदलाबदल झाली, एन्झाइम नसताना! मग त्यात धातूचे आयन टाकून बघितले, तांबं, आणि आपल्या तुरटीत असतं ते अ‍ॅल्युमिनियम, तर क्रिया बरीच वेगात व्हायला लागली.

कारण सरळ आहे. व्हिटॅमिनचा अल्डिहाइड आणि अमिनो अ‍ॅसिड जुळून जी शिफ बेस (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाची, म्हणजे इमिनची जोडणी) बनते तिला धातू तीन जागी धरतो (इमिनचा नायट्रोजन, कार्बोक्सिलचा ऑक्सिजन, व्हिटॅमिनच्या कड्यावरच्या हायड्रॉक्सिलचा ऑक्सिजन), त्यामुळं सगळं एका सपाटीत राहतं, इलेक्ट्रॉन कड्याकडं ओढले जातात आणि अल्फा कार्बनवरचा हायड्रोजन सुटायला सोपा होतो. बी-६ कसं काम करतं याचा १९५४ चा प्रसिद्ध आराखडा असा धातूसकट छापला गेला. सोव्हिएत रशियात वर्षभर आधीच जवळजवळ तोच आराखडा मांडला होता, त्याची आठवण आपल्याकडं फारशी कुणी काढत नाही, हे मला खटकतं.

खरी अडचण पुढं आली. ट्रान्सअमिनेज शुद्ध केलं तर या कामाला धातू लागतच नाही असं दिसलं, धातूचं काम प्रोटीनच करतं, त्यातलं लायसिन हे अमिनो अ‍ॅसिड व्हिटॅमिनला धरून ठेवतं, आर्जिनिन कार्बोक्सिलला. कुठला बंध तुटणार हे त्याच्या दिशेवर ठरतं, जो कड्याच्या पातळीला काटकोनात उभा तो तुटतो, ही कल्पना १९६६ ची. ट्रिप्टोफनेज या बी-६वर चालणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमला पोटॅशियम लागतं खरं, पण ते प्रोटीनचा आकार सांभाळायला, बंध तोडायला नव्हे.

घोळ घातलाय तो कोफॅक्टर (एन्झाइमला लागणारा मदतनीस) या एका शब्दानं. कार्बोक्सिपेप्टिडेज या प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइममधलं झिंक स्वतः पेप्टाइड बंध तोडायच्या कामात असतं, ते आणि बी-६ दोन्ही एकाच टोपलीत टाकले की पोरं साहजिकच बीकरमधला धातू उचलून एन्झाइममध्ये नेऊन ठेवतात. म्हणून बीकरमधले ते प्रयोग चुकीचे होते असं म्हणणारेपण चुकतात, व्हिटॅमिन एकटं काय करू शकतं हे त्यांच्यामुळंच कळलं.

आणि आता तर त्या प्रयोगांना नवा भाव आलाय. जीवसृष्टीच्या आधी, एन्झाइम नव्हते तेव्हा अमिनो अ‍ॅसिड कशी बनली असतील हे शोधणारे लोक गेल्या काही वर्षांत परत तांबं, निकेल, कोबाल्टचे आयन घेऊन हीच क्रिया पाण्यात करून बघतायत, आणि ती होते.