थांबलेलं अंडं

बटेर म्हणजे लावा पक्षी. त्याची मादी बहुधा दुपार कलल्यावर अंडं घालते. त्यामुळे कोंबडीसारखं सकाळी खुराड्यात हात घालून भागत नाही, अंडी संध्याकाळी गोळा करावी लागतात. पाळीव जपानी बटेर खुडूक बसायचं जवळजवळ विसरली आहे. माणसाने पिढ्यान् पिढ्या जास्त अंडी देणाऱ्या माद्या निवडल्या आणि रवणीची, म्हणजे अंडी उबवत बसण्याची सवय मागे पडली. १९७४ साली हा पक्षी कॅलिफोर्नियाहून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आला, तोही असाच पाळीव होऊन. म्हणून घरी पिल्लं काढायची तर इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचं मशीन हवं. ते रोज चार-पाच अंड्यांनी भरत बसलं तर पिल्लंही रोज थोडी थोडी निघतील आणि सगळा घोळ होईल. त्यापेक्षा आठवडाभर अंडी साठवून एकदम लावणं बरं.

पण साठवायचं म्हणजे नेमकं काय? फलित अंडं बाहेर येतं तेव्हा त्यातला जीव सुरू झालेला असतो. मादीच्या पोटातल्या साधारण ४१ अंशांच्या उबेत पेशी दिवसभर विभागत असतात. अंडं बाहेर पडून गार झालं की ही वाढ थांबते. रानातल्या बटेरीलाही हाच थांबा उपयोगी पडतो. ती रोज एक अंडं घालते आणि घरटं भरत आल्यावरच उबवायला बसते, म्हणून पहिलं आणि शेवटचं पिल्लू जवळपास एकाच वेळी बाहेर पडतं.

हा थांबा टिकवायला १३ ते १६ अंश तापमान चांगलं. कोंबडीच्या अंड्यात साधारण २०-२१ अंशांच्या वर वाढ पुन्हा हळूहळू सुरू होते, असं मानतात. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीतच ३५ अंश असतात. अशा वेळी आतला गर्भ ना धड थांबतो, ना धड वाढतो. पुढे इन्क्युबेटरमध्ये तो मेलेला आढळला की दोष बिचाऱ्या मशीनवर जातो. फ्रिजही नको, त्यातले चार-पाच अंश फार थंड. कोरड्या हवेच्या भागात ओल्या गोणपाटाच्या आडोशाने तापमान बरंच उतरतं. कोकणात हवाच दमट, तिथे हा उपाय लंगडा पडतो. थर्माकोलचा खोका आणि बर्फाची बाटली हा तिथला जुगाड, पण बाटली अंड्यांना चिकटवून ठेवू नये. काहीही करा, आत थर्मामीटर हवाच. हाताचा अंदाज इथे फसवा असतो.

अंडं थांबलेलं असलं तरी गोठलेलं नसतं. कवचाच्या बारीक छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निसटतो, पांढरा बलक अल्कधर्मी होत जातो आणि पातळ होतो. पाणीही उडतं. बटेराचं अंडं जेमतेम दहा-बारा ग्रॅमचं, त्यामुळे वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा आणि सुकणंही जलद. म्हणून हवेत ७०-७५ टक्के आर्द्रता राखतात. सात दिवसांनंतर पिल्लं निघण्याचं प्रमाण घसरू लागतं. माझं मत विचाराल तर पाचव्या-सहाव्या दिवशीच मशीन लावावं.

निमुळतं टोक खाली, बोथट टोक वर. हवेची पोकळी बोथट टोकाला असते, ती वरच राहायला हवी. आठवड्याहून जास्त थांबणं भागच असेल तर ट्रेच्या एका बाजूखाली वही सरकवा आणि रोज बाजू बदला. पातळ झालेल्या पांढऱ्यातून पिवळा बलक वर तरंगतो आणि गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटू शकतो, तो धोका त्याने टळतो. अंडी धुऊ मात्र नका. कवचावरचा नैसर्गिक लेप जंतूंना अडवतो, तो धुण्याने जातो. फार मळलेलं अंडं सरळ भुर्जीला द्यावं. तडा गेलेलं अंडंही बाजूला काढा, पण बटेराच्या कवचावरच्या ठिपक्यांत बारीक तडा शोधायचा म्हणजे चष्मा लागतो.

लावायच्या दिवशी घाई नको. थंड अंडं उबेत नेलं की गार बाटलीसारखा त्याला घाम फुटतो आणि त्या ओलीतून जंतू छिद्रांत शिरतात. चार-सहा तास अंडी खोलीतच राहू द्या, कवच कोरडं आहे हे पाहा आणि मग ३७.५ अंशांच्या मशीनमध्ये ठेवा. पिल्लं निघायचे सतरा-अठरा दिवस त्या क्षणापासून मोजायचे.