हिरवळीखालचा काळा थर

नागपूरपासून तासाभराच्या अंतरावर, कपाशी-तुरीच्या वावरांना लागून एक गोल्फचं मैदान आहे. ऑगस्टच्या उघडिपीत तिथे गेलो. ज्यानं ते आखलं त्याला जमिनीची उत्तम जाण होती. टेकाडाचा उतार त्यानं मोडला नाही, जुने पळस आणि मोह राखले, आणि वरच्या वावरांतून येणारं पाणी मैदानाबाहेर वळवायला धुऱ्यालगत नाली काढली. आज ती नाली गाळानं बुजली आहे. पाऊस थांबून दोन दिवस झाले होते, तरी चौथ्या ग्रीनवर पाणी साचलेलंच होतं.

ग्रीन म्हणजे चेंडू घालायच्या खळीभोवतीची, गालिच्यासारखी कापलेली हिरवळ. खळीचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. तिची जागा अधूनमधून बदलतात, त्यासाठी जमिनीत दाबून मातीचा गोल गड्डा उपसायचं एक नळीसारखं अवजार असतं. तिथल्या माळीकाकांनी माझ्यासमोर एक गड्डा काढला. वर गवत, त्याखाली दोन बोटं जाडीचा काळा, चिकट थर आणि त्याखाली स्वच्छ, पिवळसर रेती. ती रेती जवळजवळ कोरडी होती.

"पानी वरतच थांबते न साहेब," काका म्हणाले, "खाली उतरतच नाही."

पाणी का उतरत नाही? अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं १९६० मध्ये ग्रीन बांधायची एक पद्धत प्रसिद्ध केली. सुमारे ३० सेंटिमीटर रेती, खाली १० सेंटिमीटर खडी, त्याखाली निचऱ्याचे पाइप. रेतीतल्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात. खडीतल्या पोकळ्या मोठ्या, त्यांना ते ओढून घेता येत नाही. म्हणून रेतीचा तळ पुरता भिजेपर्यंत पाणी खडीत उतरत नाही. मुळांना ओल मिळते, जास्तीचं पाणी वाहून जातं. फार सुंदर योजना आहे ही.

पण हाच नियम आता या ग्रीनवर उलटला आहे. बुजलेल्या नालीवरून पाणी आलं, त्यासोबत वावरातली काळी माती आली. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक. त्यांच्यामधल्या पोकळ्या रेतीपेक्षा कितीतरी सूक्ष्म, शिवाय ही माती भिजली की फुगते. तो थर पाणी सहजी सोडत नाही. मुळांना हवा मिळत नाही, ती वरच्या वर पसरतात, आणि मे महिन्यात हाच थर तडकतो तेव्हा गवत करपतं.

गवताची गोष्ट तर आपल्या घरची. ग्रीनवरचं संकरित गवत म्हणजे आपली हराळी आणि तिची एक आफ्रिकी बहीण यांची संतती. त्याला रुजणारं बी धरत नाही, लावायचं तर खोडाचे तुकडेच लावावे लागतात. ते रोज तीन-चार मिलिमीटरवर कापलं तरच दाट राहतं. इथे यंत्राची पाती बोथट झाली आहेत. पान कापलं न जाता फाटतं, शेंडे पांढुरके पडतात आणि त्या जखमांतून बुरशी शिरते. विरळ झालेल्या जागी लव्हाळा आणि धुऱ्यावरची रानटी हराळी शिरली आहे. जी वावरातून उपटता उपटता शेतकऱ्याच्या नाकी नऊ येतात, तीच इथे पाहुणी होऊन बसली आहे.

मी काकांकडून लोटाभर पाणी मागितलं. ग्रीनच्या उंच, कोरड्या कडेला अर्धं ओतलं. ते तसंच चमकत राहिलं. मग काकांनी बाजूलाच खुरप्यानं वीतभर जागेतला काळा थर खरवडला, रेती उघडी पडली. उरलेलं पाणी तिथे ओतलं, ते बघता बघता आत गेलं. खालची बांधणी अजून शाबूत आहे.

उपाय असा: पोकळ दात्यांच्या यंत्रानं थरातून भोकं पाडायची, निघालेले मातीचे गड्डे उचलून न्यायचे आणि भोकं खाली आहे तशाच कणांच्या रेतीनं भरायची. एका खेपेला सगळा थर निघत नाही, हे काम पुन्हा पुन्हा करावं लागतं. त्याआधी नाली उपसायला हवी, नाहीतर पुढच्या पावसात काळी माती परत येईल.

काकांनी खुरपं पुसलं आणि नाली कुठवर बुजली आहे ते दाखवायला मला धुऱ्याकडे घेऊन गेले.