नाव तेच, माणूस दुसराच

साधारण तिसऱ्या शतकात डायोजिनीस लेर्शियस याने ग्रीक तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिली. हेराक्लिटसचं चरित्र आटोपताना त्याने याच नावाच्या आणखी चौघांची नोंद केली आहे. एक भावगीतं रचणारा, दुसरा शोकगीतं लिहिणारा, तिसरा मॅसिडोनियाचा इतिहास लिहिणारा आणि चौथा आधी वादक, मग वाद्य बाजूला ठेवून विदूषक झालेला. (या चौथ्याचं चरित्र कुणी लिहिलं असतं तर मी आधी तेच वाचलं असतं.) थेल्स या नावाचेही तो आणखी पाच जण देतो, त्यांत एक वक्तृत्वाचा जाणकार, एक चित्रकार. ही थेल्सची यादी त्याने मॅग्नेशियाच्या डिमिट्रियसकडून घेतली. या गृहस्थांनी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सारख्या नावाच्या कवी-लेखकांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला होता. तो हरवला, इतरांनी त्यातून घेतलेलं तेवढं उरलं. एकाच नावाच्या अनेकांची यादी देणाऱ्या विकिपीडियावरच्या ‘निःसंदिग्धीकरण’ पानांची ही खापरपणजी म्हणायला हरकत नाही.

माणूस समोर उभा असतो तोवर नामसाधर्म्याने फारसं बिघडत नाही. नाव कागदावर चढून एकटंच फिरायला लागलं की गोंधळ सुरू होतो. म्हणून जिथे लिहिण्याची परंपरा जुनी, तिथे अशा याद्याही जुन्या. चीनमध्ये सहाव्या शतकात लिआंग घराण्याचा सम्राट युआन याने प्राचीन आणि समकालीन समनामी माणसांची यादी केली. ५५४ मध्ये राजधानी पडत असताना त्याने स्वतःचा प्रचंड ग्रंथसंग्रह जाळून टाकला. ही यादी मात्र, पुढच्यांनी भर घातलेल्या रूपात, टिकली.

अरबी विद्वानांना तर याची फारच निकड होती. हदीस, म्हणजे पैगंबर मुहम्मदांच्या उक्ती-कृतींची सांगोवांगी आलेली नोंद, विश्वसनीय की नाही, हे ती कुणी कुणाकडून ऐकली त्या साखळीवर ठरतं. साखळीतलं नाव भरवशाच्या माणसाचं, की त्याच नावाच्या बेभरवशाच्या दुसऱ्याचं? १०७१ मध्ये निधन पावलेल्या अल-खतीब अल-बगदादी यांनी अशा समनामी निवेदकांवर ग्रंथ लिहिला, तो याच गरजेतून.

यादी नसेल तिथे धंदा उपयोगी पडायचा. लोहारकाम करणारा जॉन वेगळा, दळण दळणारा वेगळा. मध्ययुगात युरोपात करवसुलीची आणि मालमत्तेची दप्तरं वाढली तशी ही जोडनावं पक्की होत गेली आणि पुढच्या पिढ्यांना चिकटली. इंग्रजी स्मिथ, हंगेरियन कोवाच, इटालियन फेरारी, अरबी हद्दाद ही सगळी लोहारकीतून आलेली आडनावं. गंमत अशी की ओळख पटवायला आलेली जोड वंशपरंपरागत झाल्यावर निकामी ठरली. स्मिथ आडनावाचा माणूस शिंपी असू शकतो, न्यायाधीशही असू शकतो. आणि जॉन स्मिथ तर इतके झाले की आडनावाचा उपयोग जवळजवळ संपला.

नाव आणि धंदा दोन्ही एकच निघाले तर आणखी पंचाईत. सातव्या शतकातला भास्कर गणिती आणि १११४ मध्ये जन्मलेले भास्कराचार्यही गणितीच, म्हणून ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ असे क्रमांक नंतरच्या अभ्यासकांना लावावे लागले. फ्रान्सिस बेकनच्या बाबतीत ती वेळ येत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातला तत्त्वज्ञ आणि १९९२ मध्ये वारलेला चित्रकार यांत घोटाळा व्हायला बराच प्रयत्न करावा लागेल.

हयात समनाम्यांनी आपसात काढलेली सगळ्यात सभ्य तडजोड मला वाटते ती दोन विन्स्टन चर्चिलांची. १८९९ मध्ये अमेरिकेतला विन्स्टन चर्चिल हा खपाऊ कादंबरीकार होता, तर इंग्लंडमधला विन्स्टन चर्चिल पंचविशीही न गाठलेला, युद्धवार्तांकन करणारा तरुण. त्याचीही कादंबरी यायची होती. इंग्रज चर्चिलने अमेरिकन चर्चिलला तृतीयपुरुषी, अतिशय अदबशीर पत्र लिहिलं आणि आपण यापुढे ‘विन्स्टन स्पेन्सर चर्चिल’ अशी सही करू, असं कळवलं. उत्तर आलं की मला मधलं नाव असतं तर मीही ते आनंदाने लावलं असतं! पुढे अमेरिकन चर्चिलही राजकारणात उतरला, न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळात निवडून गेला. आज त्याच्या नावाआधी ‘अमेरिकन कादंबरीकार’ असं लिहावं लागतं. १८९९ मध्ये ही पाळी दुसऱ्यावर होती.

नाटक-सिनेमाच्या धंद्यात हा प्रश्न सौजन्यावर सोडला गेला नाही. ब्रिटनमध्ये १९३० मध्ये आणि हॉलिवूडमध्ये १९३३ मध्ये कलाकारांच्या संघटना उभ्या राहिल्या. एकाच नावाचे दोन सभासद नकोत, असा त्यांचा दंडक. जो आधी आला, नाव त्याचं. म्हणून मायकल डग्लस या नावाने जन्मलेला एक नट मायकल कीटन झाला. स्टुअर्ट ग्रेंजरचं जन्मनावही जेम्स स्टुअर्ट. पण त्या नावाचा बडा नट अमेरिकेत आधीच होता.

सुरक्षायंत्रणांच्या हाती नाव गेलं की मात्र प्रकरण हसण्यावारी नेता येत नाही. अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांना २००४ मध्ये विमानतळावर पुनःपुन्हा अडवलं गेलं, कारण संशयितांच्या यादीत त्यांच्या नावाशी जुळणारं नाव होतं. ते निस्तरायला त्यांच्यासारख्यालाही कित्येक आठवडे लागले. सामान्य माणसाचं काय झालं असेल ते सांगायला नको. नंतर तिथे तिकिटासोबत पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग घेणं सुरू झालं.

संशोधनाच्या जगात अडचण वेगळीच. चिनी लिपीत निरनिराळी दिसणारी नावं रोमन लिपीत आली की एकसारखी होतात. त्यात पहिल्या नावाचं नुसतं आद्याक्षर छापायची नियतकालिकांची सवय. कुणाचा शोधनिबंध कुणाच्या खात्यावर जाईल, नेम नाही. २०१२ मध्ये सुरू झालेला ऑर्किड हा सोळा स्थानांचा क्रमांक त्यावर तोडगा म्हणून आला. तो संशोधकाने स्वतःच घ्यायचा असतो, त्यामुळे दिवंगतांना त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी ग्रंथालयं अजूनही नावापुढे जन्म-मृत्यूची सालं टाकतात, आणि तीही जुळली तर धंदा लिहितात.