जलशीतन मंडलातील संक्षारण (संगणक)

संगणकातील सीपीयू व ग्राफिक्स कार्ड यांची उष्णता पाण्यावाटे रेडिएटरपर्यंत नेण्यासाठी सुटे भाग जुळवून उभारलेल्या बंदिस्त मंडलात धातूंची जी झीज होते, ती येथे अभिप्रेत आहे. वापरणारे या मंडलाला ‘लूप’ व या झिजेला सरसकट ‘गंज’ म्हणतात. काटेकोरपणे गंज हा लोखंडाचा. तांब्या-पितळेवरील हिरव्या थराला जंगाल किंवा कळंक हे जुने शब्द आहेत. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, तेव्हा आंबटामुळे तांबे विरघळून ताकात उतरलेले असते. लूपमध्ये घडते ते याच जातीचे. विदर्भात ‘गंज’ म्हणजे स्वयंपाकाचे भांडेही होते, त्यामुळे पुढे बहुतेक ठिकाणी ‘संक्षारण’ हा शब्द योजला आहे.

दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र आले की त्यांतला एक झिजतो, हे निरीक्षण कारणमीमांसेच्या आधीचे आहे. ब्रिटिश नौदलाने 1761 मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोनेक वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा लोखंडी खिळे खाल्ले गेल्याचे आढळले. जेथे पत्रा व खिळा यांच्यामध्ये वेष्टनाचा तपकिरी कागद राहून गेला होता, तेथील खिळे शाबूत होते. पुढे बोलोन्याच्या लुईजी गॅल्व्हानी (1737–98) यांनी बेडकाच्या पायाच्या आचक्यांचे मूळ प्राण्याच्या अंगच्या विजेत मानले (1791). आलेस्सांद्रो व्होल्टा (1745–1827) यांनी ते दोन धातूंच्या स्पर्शात शोधले. फ्लॉरेन्सचे जोव्हान्नी फाब्ब्रोनी यांनी साधारण 1792 च्या सुमारास, पाण्यात एकमेकांना टेकलेले धातू रासायनिक रीत्या झिजतात याकडे लक्ष वेधले. स्पर्श की रसायन, हा वाद एकोणिसाव्या शतकात दीर्घकाळ चालला व झुकते माप हळूहळू रसायनाकडे गेले. फाब्ब्रोनी यांचे नाव या इतिहासात मागे पडले, त्यांना अधिक श्रेय मिळायला हवे. हंफ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये जहाजाच्या तांब्याला जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून तांबे वाचवले. झिजणारा धातू मुद्दाम बळी देण्याची रीत तेथून रूढ झाली.

संगणकाच्या लूपमध्ये पाणी ज्या ठोकळ्यातून उष्णता उचलते, तो वॉटर ब्लॉक तांब्याचा किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याचा असतो. नळ्यांचे जोड बहुधा मुलामा दिलेल्या पितळेचे असतात. रेडिएटर मात्र तांबे-पितळेचाही मिळतो आणि ॲल्युमिनियमचाही, आणि दुखणे येथूनच सुरू होते. धातूची विरघळण्याची ओढ दाखवणारे प्रमाण विद्युत् वर्चस् (जितके ऋण, तितका तो धातू झिजायला तयार) ॲल्युमिनियमचे –1.66, निकेलचे –0.25 व तांब्याचे +0.34 व्होल्ट आहे. पृष्ठावरील ऑक्साइडाच्या पापुद्र्यामुळे ॲल्युमिनियम व तांबे यांतील प्रत्यक्ष फरक याहून बराच कमी, साधारण अर्ध्या व्होल्टच्या घरात राहतो.

हा अर्धा व्होल्ट रेडिएटरला कसा खातो, याबद्दल दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार विजेची वाट कॅबिनेटमधून जाते : ग्राफिक्स कार्डाची धातूपट्टी व रेडिएटर हे दोन्ही एकाच पत्र्याला स्क्रूने कसलेले असतात, त्यामुळे नळ्या रबराच्या असल्या तरी तांबे व ॲल्युमिनियम एकमेकांना जोडले जातात. वाट असते हे खरे. पण परतीचा प्रवास नळीतल्या पाण्यातून करावा लागतो. अर्धा मीटर लांब व 10 मिमी. आतल्या व्यासाची नळी घेऊन पाण्याची संवाहकता 10 मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी. धरली, तर रोध 60 लाख ओहमच्या वर जातो व प्रवाह मायक्रोअँपिअरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. खारट बोअरचे पाणी घेऊन संवाहकता 2,000 धरली, तरी प्रवाह 16 मायक्रोअँपिअरच्या आसपास राहतो. वाहिलेल्या विजेच्या प्रमाणात धातू विरघळतो, या फॅराडे यांच्या नियमाने हिशेब केल्यास त्या वाटेने वर्षभरात ॲल्युमिनियम 50 मिग्रॅ.च्या आतच झिजेल. एकाच छिद्रात झीज झाली तर हेही थोडे नाही, हे मान्य करावे लागते.

दुसऱ्या मतानुसार स्पर्शाची गरजच नाही. ब्लॉकमधील तांबे पाण्यात किंचित विरघळते, त्याचे आयन (विद्युत् भार असलेले कण) फिरत फिरत रेडिएटरमध्ये येतात, ॲल्युमिनियमला विरघळवून त्याच्या जागी तांब्याचे कण होऊन चिकटतात. असा प्रत्येक कण म्हणजे भिंतीवर जागच्या जागी बसलेला एक सूक्ष्म विद्युत् घट; त्याला ना नळी आडवी येते ना तिचा रोध. रेडिएटर कापून पाहिल्यास खड्डे जोडाजवळच न दिसता आतल्या सर्व पृष्ठभागावर विखुरलेले, मध्ये तांबूस ठिपके असलेले दिसतात. हे दुसऱ्या मताला धरून आहे आणि प्रस्तुत नोंदीत तेच ग्राह्य मानले आहे. यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट मोठी आहे : रेडिएटरखाली रबरी वॉशर घालून लूप वाचत नाही. कारखान्यातून सीलबंद येणाऱ्या संचांत तांबे व ॲल्युमिनियम एकत्र असूनही ते बरीच वर्षे टिकतात, ते त्यांतील ग्लायकॉल व संक्षारणरोधक द्रव्यांमुळे आणि आत फारशी नवी हवा शिरत नसल्यामुळे.

विदर्भाच्या खेड्यांत आणि तालुक्याच्या गावांत अशी यंत्रे तुरळक असली, तरी येथील पाणी हा स्वतंत्र विषय आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारे आहे, आणि क्लोराइडाचे आयन ॲल्युमिनियमवरील संरक्षक पापुद्रा जागोजाग फोडतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे क्लोराइडाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 250 मिग्रॅ. आहे, लूपला याच्या शतांशानेही धोका संभवतो. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही भागांत फ्लोराइड आढळते, तेही ॲल्युमिनियमला घातक. बेसाल्ट खडकाच्या इतर भागात पाणी जड असते. उन्हाळ्यात कूलरच्या गवतावर पांढरी खरपुडी धरत असेल, तर ते पाणी लूपमध्ये घालू नये, ही खूण कोणालाही घरबसल्या पटेल. जारचे ‘फिल्टर’ पाणीही पुरेसे नाही, कारण चवीसाठी त्यात मूळ पाणी थोडे मिसळलेले असू शकते. बॅटरीत घालण्याच्या पाण्यासाठी आयएस 1069 हे वेगळे मानक आहे. तसे सीलबंद पाणी टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर) शून्याजवळ दाखवत असेल, तर ते चालते.

मे महिन्यात पारा 45° से.वर गेला की लूपमधील पाणी खोलीच्या तापमानाखाली येऊ शकत नाही, उलट काही अंशांनी वरच राहते. दर 10 अंशांना रासायनिक क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो, हा ठोकताळा येथे आठवावा.

तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरचे रेडिएटर झाळणारे कारागीर तांबे-पितळी रेडिएटरची गळती उत्तम काढतात. मात्र झाळकामात वापरलेले झिंक क्लोराइड किंवा नवसागर आत राहिले, तर क्लोराइड पुन्हा लूपमध्ये येते. नव्या रेडिएटरमध्येही झाळण्याचे अवशेष असतात. दोन्ही गरम शुद्ध पाण्याने, बाहेर पडणारे पाणी टीडीएस मीटरवर आत घातलेल्याइतकेच दिसेपर्यंत धुवावेत.

लक्षणे ओळखताना गफलत फार होते. पांढरा जेलीसारखा साका ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडाचा. पण मऊ पीव्हीसी नळीतून सुटणारे प्लास्टिकीकारक द्रव्यही पांढरट चिकटा धरते आणि त्याचा धातूशी संबंध नाही. हिरवट-निळा थर तांब्याच्या लवणांचा, बुळबुळीत हिरवा शेवाळाचा. तांबे नुसते काळवंडले असेल, तर तो ऑक्साइडाचा थर असून सहसा निरुपद्रवी.

मुलामा नसलेले तांबे सौम्य सायट्रिक आम्लाने साफ होते. चिंचेने घासण्याची घरची रीतही रसायनदृष्ट्या बरोबर आहे, तिच्यात टार्टारिक आम्ल असते. फक्त सोबत मीठ नको. निकेलच्या मुलाम्याला यांपैकी काहीच लावू नये. ॲक्रिलिकचा भाग अल्कोहोलने पुसल्यास त्याला तडे जातात. ॲल्युमिनियमला खड्डे पडले असतील तर दुरुस्ती नाही. तो रेडिएटर काढून तांबे-पितळी बसवावा लागतो. तांब्यासाठी बेंझोट्रायाझोल हे परिचित रोधक आहे. शीतकद्रव 6 ते 12 महिन्यांनी बदलतात.

काढलेला द्रव एथिलीन ग्लायकॉलयुक्त असेल, तर तो चवीला गोड व विषारी असतो. गोठ्याजवळ, बांधावर किंवा जनावरे पितात त्या टाक्याकाठी तो ओतू नये. प्रॉपिलीन ग्लायकॉल त्या मानाने बरेच कमी विषारी आहे.