शालेय गोळीबार : प्रतिबंध व सुरक्षा (अमेरिका)

शाळेत बंदुकीने होणारे हल्ले रोखण्यासाठी, आणि हल्ला झालाच तर प्राणहानी कमी व्हावी म्हणून, अमेरिकेत केल्या जाणाऱ्या उपाययोजना. कोलोराडोतील कोलंबाइन हायस्कूलमध्ये २० एप्रिल १९९९ रोजी दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या गोळीबारानंतर या विषयाला राष्ट्रीय महत्त्व आले. त्या दिवशी पोलीस बाहेर घेराव घालून विशेष पथकाची वाट पाहत राहिले. पुढे, जो पोलीस आधी पोहोचेल त्याने थेट आत शिरावे, असे प्रशिक्षण रूढ झाले. (प्रशिक्षण रूढ झाले, एवढेच. टेक्ससमधील युवाल्डी येथे २४ मे २०२२ रोजी १९ मुले व २ शिक्षिका मारल्या गेल्या. शेकडो पोलीस जमूनही हल्लेखोराला गाठायला ७७ मिनिटे लागली.)

सर्वाधिक चर्चा दारे, कॅमेरे आणि सशस्त्र पहारा यांची होते. कनेटिकटमधील सँडी हुक प्राथमिक शाळेचे प्रवेशद्वार १४ डिसेंबर २०१२ रोजी बंदच होते. हल्लेखोर शेजारची काच फोडून आत आला आणि २० मुले व ६ प्रौढ मरण पावले. तिथल्या वर्गांना कुलूप लावायचे तर किल्ली घेऊन बाहेर यावे लागे. वर्गाचे दार आतून बंद करता यावे, ही नंतरच्या आयोगाची शिफारस साधी असली तरी अनेक महागड्या यंत्रणांपेक्षा मोलाची आहे. फ्लोरिडातील पार्कलंड येथे २०१८ मध्ये १७ जण ठार झाले, तेव्हा शाळेवर नेमलेला सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेरच थांबला होता.

खरे काम हल्लेखोर दारापर्यंत येण्याआधीचे असते. सीक्रेट सर्व्हिस (राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेली संघराज्य यंत्रणा) व शिक्षण खात्याने २००२ मध्ये ३७ घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ८१ टक्के घटनांत हल्ल्याचा बेत किमान एका व्यक्तीला, बहुधा बरोबरीच्या मुलालाच, आधी ठाऊक होता. आणि दोन-तृतीयांशांहून अधिक हल्लेखोरांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून मिळवली होती. म्हणूनच निनावी माहिती देण्याची सोय (कोलोराडोतील ‘सेफटूटेल’) आणि मुख्याध्यापक, समुपदेशक व पोलीस यांची धोका-मूल्यांकन पथके पुढे आली. सरकारी शाळांना अशी पथके व्हर्जिनिया राज्याने २०१३ मध्ये सक्तीची केली. मूल्यांकनाचा हेतू शिक्षा नसून मदत हा असतो. मुलाला शाळेतून काढून टाकले की त्याच्यावरची नजरही सुटते.

मिशिगनमधील ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये ३० नोव्हेंबर २०२१ रोजी सकाळी एका विद्यार्थ्याच्या गणिताच्या सरावपत्रिकेवर बंदुकीचे चित्र आढळले. आईवडिलांना बोलावण्यात आले. त्यांनी त्याला घरी नेले नाही, शाळेने दप्तर तपासले नाही. काही तासांत ४ विद्यार्थी मारले गेले. बंदूक वडिलांनी चारच दिवसांपूर्वी विकत घेतली होती. २०२४ मध्ये आई व वडील दोघेही सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले आणि प्रत्येकाला १० ते १५ वर्षांची कैद झाली. अल्पवयीन मुले असलेल्या घरात बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती करणारा मिशिगनचा कायदा त्याच वर्षी फेब्रुवारीत अमलात आला.