लाइट कन्सोल ट्रॅकिंग कुठून शिकला

नाटकाचे दिवे ज्या पाटावरून चालवतात त्या कन्सोलवर बसणाऱ्या नव्या लाइट ऑपरेटरला पहिला धक्का देतं ते बहुधा ट्रॅकिंग, म्हणजे एका क्यूतला (प्रकाश बदलायच्या ठरलेल्या टप्प्यातला) बदल पुढच्या क्यूंतही चालू राहणं. सतराव्या क्यूमध्ये डावीकडचा एक स्पॉट जरा उतरवला, सेव्ह केलं, आणि पुढच्या तालमीला पाहावं तर अठरा, एकोणीस, वीस या क्यूंमध्येही तो उतरलेलाच. कन्सोल बिघडलेला नसतो. काम करायच्या एका जुन्या पद्धतीने तो वागत असतो, आणि ती पद्धत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

सगळा उजेड एका जागेवरून कमी-जास्त करण्याची सोय विजेने आणली, असा समज असतो. प्रत्यक्षात ती गॅसची देणगी. १८१७ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या नाट्यगृहांत गॅसचे दिवे आले. पुढे सगळ्या नळ्यांच्या तोट्या विंगेत एकत्र आणल्या गेल्या आणि तिथला माणूस अख्खा रंगमंच हळूहळू अंधारात नेऊ लागला. १८८१ मध्ये रिचर्ड डॉयली कार्टने लंडनचं सॅव्हॉय थिएटर जोसेफ स्वान या संशोधकाच्या सुमारे १२०० विजेच्या दिव्यांनी उजळलं. वीज सुरक्षित आहे हे पटवण्यासाठी त्याने रंगमंचावर उभं राहून प्रेक्षकांसमोर पेटता दिवा फोडून दाखवला. तरीही लंडनच्याच लायसियम थिएटरचा नट आणि चालक हेन्री अर्व्हिंग याचा ओढा गॅसच्या मऊ प्रकाशाकडेच राहिला. नव्या तंत्राला नाक मुरडणारे सगळेच काही अडाणी नसतात.

विजेचा दिवा मंद करायला सुरुवातीला रेझिस्टन्स डिमर वापरत. वीज तारेच्या वेटोळ्यातून न्यायची, जास्तीची शक्ती उष्णता म्हणून जाळायची. म्हणजे डिमर तापणार, बोर्डाजवळ उकडणार. शिवाय ठरावीक वॅटच्या डिमरला कमी वॅटचा दिवा जोडला तर तरफ पूर्ण खाली आणूनही तो धुगधुगत राहायचा. मग प्रेक्षकांना न दिसणारा आणखी एक दिवा त्याच डिमरला जोडून भार भरून काढायचा. व्होल्टेजच कमी-जास्त करणाऱ्या ऑटोट्रान्सफॉर्मरने या अडचणी सुटल्या असत्या, पण तो फक्त एसीवर (उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर) चालतो, आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या अनेक नाट्यगृहांत १९७०च्या दशकापर्यंत डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) पुरवठा होता. त्यामुळे तिथे रेझिस्टन्सचे ‘पियानो बोर्ड’ फार काळ टिकले. पियानोच्या खोक्याएवढ्या या पेट्या विंगेत ओळीने मांडलेल्या असत.

ट्रॅकिंग जन्मलं ते इथे. एकेका पेटीवर डझनभर तरफा आणि माणसाला हात दोन. क्यू आला की त्याने हलवायच्या त्या तरफा हलवायच्या, बाकीच्या होत्या तिथेच राहणार. म्हणून त्याच्या कागदावर फक्त बदल लिहिलेले असत: चार नंबर अर्ध्यावर, सात बंद. नवव्या क्यूला रंगमंच नेमका कसा दिसतो हे त्या क्यूच्या ओळीवरून कळत नसे. आधीच्या आठही ओळी जमेस धराव्या लागत.

प्रीसेट बोर्डाचा विचार याच्या उलट होता. येल विद्यापीठात जॉर्ज आयझेनूर यांनी १९४७ मध्ये थायरट्रॉन या इलेक्ट्रॉनिक नळ्यांवर चालणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा उभी केली. तिच्यात डिमर एकीकडे आणि त्यांना हुकूम देणारे छोटे सरकते खटके, म्हणजे फेडर, दुसरीकडे असू शकत होते. एकाच डिमरसाठी फेडरच्या अनेक ओळी. एका ओळीवरचं चित्र रंगमंचावर असताना पुढचं दुसऱ्या ओळीवर लावून ठेवायचं आणि क्यूवर एकातून दुसऱ्यात क्रॉसफेड करायचा, म्हणजे पहिलं मावळवत दुसरं उजळायचं. इथे प्रत्येक क्यू स्वयंपूर्ण असतो. मागच्याशी त्याचं देणंघेणं नसतं.

कन्सोल लांब नेता येऊ लागल्याचा आणखी एक मोठा फायदा झाला: ऑपरेटरला नाटक दिसू लागलं. विंगेतल्या माणसाला आपण काय उजळतो आहोत हे धड दिसायचंच नाही. स्ट्रँड इलेक्ट्रिक या रंगमंच-दिव्यांच्या ब्रिटिश कंपनीतल्या फ्रेड बेंथम यांनी याविरुद्ध आयुष्यभर आग्रह धरला. १९३५ मध्ये त्यांनी केलेला ‘लाइट कन्सोल’ तर चक्क ऑर्गनच्या पट्ट्यांवर बेतलेला होता. ऑपरेटरने वादकासारखं प्रेक्षकांकडच्या बाजूला बसून प्रकाश वाजवावा ही कल्पना. सर्वत्र रुळली नाही, पण मला ती आजच्या बऱ्याच टचस्क्रीनपेक्षा शहाणपणाची वाटते.

१९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने थायरिस्टर हा अर्धवाहक स्विच आणला. लवकरच डिमर लहान, थंड आणि स्वस्त झाले, त्यांची संख्या वाढली आणि फेडरच्या ओळी माणसाला आवरेनाशा झाल्या. मेमरी हवी होती. १९६०च्या दशकात मेमरीचे कन्सोल आले. ब्रॉडवेवर १९७५ मध्ये ‘अ कोरस लाइन’ या संगीतिकेसाठी प्रकाशयोजनाकार थॅरॉन मसर यांनी एलएस-८ हा संगणकीय कन्सोल वापरला आणि पियानो बोर्डांचे दिवस भरले. मग प्रश्न आला की मेमरीत साठवायचं काय: बदल, की पूर्ण चित्र? पियानो बोर्डावर वाढलेल्यांना बदल हवे होते, प्रीसेटवर वाढलेल्यांना चित्र. आजचे कन्सोल दोन्ही देतात, म्हणून सेव्ह करताना ‘ट्रॅक’ (बदल पुढे नेणारा) आणि ‘क्यू ओन्ली’ (बदल त्या एका क्यूपुरता ठेवणारा) असे दोन पर्याय असतात. आम्हा प्रकाशवाल्यांतले काही जण ट्रॅकिंग कायमचं बंद करून मोकळे होतात. चार क्यूंच्या एकांकिकेला ते चालेल. दोनशे क्यूंच्या नाटकात दिग्दर्शक म्हणाला, ‘या अख्ख्या प्रवेशात खिडकी जरा मंद करा’, की मग कळतं ट्रॅकिंग कशासाठी आहे.

कन्सोल आणि डिमर यांच्यातली भाषा मात्र बराच काळ ज्याची त्याची वेगळी होती. अनेक ठिकाणी तर प्रत्येक डिमरला स्वतंत्र तार. १९८६ मध्ये अमेरिकेच्या यूएसआयटीटी या नाट्यतंत्राच्या संस्थेने डीएमएक्स ५१२ ही सामाईक भाषा ठरवली: एका केबलवर ५१२ चॅनेल, प्रत्येकाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या. डिमरसाठी हे पुरेसं होतं. कन्सोलवरून मोटरने वळवता येणाऱ्या फिरत्या दिव्यांनी हिशेब बिघडवला. ५४० अंश फिरणाऱ्या दिव्याला २५६ पायऱ्या म्हणजे एका पायरीला दोन अंशांहून जास्त. लांबच्या भिंतीवर तो गचके खात सरकताना दिसतो. म्हणून एका पॅनसाठी (आडव्या फिरण्यासाठी) दोन चॅनेल जोडून ६५,५३६ पायऱ्या करतात.

दुसरी अडचण तर्काची. दोन फेडर एकाच दिव्याला वेगवेगळे आकडे देत असतील तर मोठा आकडा जिंकतो, हा डिमरचा जुना नियम. पण दिव्याची दिशा किंवा रंग यांत मोठा-लहान असं काही नसतं. तिथे शेवटची आज्ञा मानावी लागते. शिवाय दिवा पेटता असताना फिरला तर प्रेक्षकांना ती हालचाल दिसते. म्हणून कन्सोल पुढचे क्यू वाचून, दिवा बंद असेल त्या क्यूतच त्याला पुढच्या जागी नेऊन ठेवतो. त्यासाठी दोन वापरांच्या मध्ये तो दिवा कुठेतरी शून्यावर यावा लागतो. येतच नसेल तर सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. प्रकाशयोजनाकाराला दुसरा दिवा शोधावा लागतो.