रोजचं दुखणं आणि खचलेलं मन: गोळी मागण्याआधी हे वाचा

रात्री साडेआठच्या सुमाराला आमच्या मेडिकलवर हमखास कोणीतरी गोळ्यांच्या पाकिटाचा कात्रीने कापलेला तुकडा पुढे करतं. औषधाचं नाव अर्धं तुटलेलं. "हीच द्या, चार." नाशिकजवळच्या मखमलाबाद-गिरणाऱ्याच्या द्राक्षबागांत दिवसभर हात वर करून थिनिंग (घडांतले मणी विरळ करणं) केलेल्या बाया असतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उभ्याने शिफ्ट काढलेली पोरं असतात. दोन दिवसांच्या दुखण्याला आमचं काही म्हणणं नाही. तोच माणूस तीन महिने येत राहिला, की त्याला हे पत्रक देतो.

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की दुखणं जुनाट धरतात. तोवर मूळ इजा भरून आलेली असू शकते, पण नसा आणि मेंदू धोक्याचे निरोप पाठवतच राहतात. झोप मोडते, झोप मोडली की जास्त दुखतं, कामाला दांडी पडते, घरात चिडचिड होते आणि हळूहळू कशातच जीव रमत नाही. कधी आधी मन खचतं, मग पाठ धरते. आपल्याकडे "मला उदास वाटतं" असं सहसा कोणी म्हणत नाही. "अंगात त्राण नाही", "डोकं जड आहे" असंच सांगतात. त्याने दुखणं खोटं ठरत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून "सगळे मनाचे खेळ" म्हणणारे घरात असतील, त्यांना एवढं तरी वाचून दाखवा.

डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक ही दुखण्यावरची औषधं महिनोन्‌महिने पोटात गेली तर अल्सर होऊ शकतो, किडनीला त्रास होतो, बीपी चढतं. बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतंच. वर तापाची गोळी घेतली की तेच औषध दुप्पट. ट्रॅमाडॉल (दुखण्याचं जास्त जोराचं औषध) आणि अल्प्राझोलम (घबराटीवरचं, झोप आणणारं) डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाहीत. ती शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीची नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत, डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहिलेलं रजिस्टर आम्हाला ३ वर्षं जपावं लागतं. ओळख कितीही जुनी असो. आणि दारूवर तर ही औषधं कधीच घेऊ नका, श्वास मंदावतो.

याउलट, नसांच्या दुखण्याला डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिन लिहिलं, की लोक मोबाइलवर बघून परत करायला येतात: "ही तर डिप्रेशनची गोळी!" आहेच, आणि दुखण्याचीही आहे. वेदना दाबणाऱ्या नसा आणि मनाची उभारी, दोन्हीकडे तीच रसायनं कामाला येतात. मनावरचा गुण दिसायला २ ते ४ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आठव्या दिवशी सोडू नका. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंदही करू नका.

आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, पण दुखणं आणि मन दोन्ही एकाच भेटीत सांगा. सोबत सासूबाई किंवा नवरा असल्याने बोलता येत नसेल, तर कागदावर लिहून न्या. दुधाचा हिशोब लिहिता त्याच कॅलेंडरवर, गोळी घेतली त्या तारखेला टिंब आणि झोप लागली नाही तिथे फुली, असं दोन आठवडे करा. ते पान दाखवलंत की डॉक्टरांना निम्मी माहिती मिळते. पुढे व्यायामासाठी फिजिओथेरपिस्ट आणि मनासाठी त्र्यंबक रोडचं सिव्हिल हॉस्पिटल किंवा आडगावच्या मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, दोन्हीकडे मानसोपचाराची सोय आहे. घरबसल्या बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६; फुकट, चोवीस तास, मराठीतही. मेडिक्लेम असेल तर एजंटला विचारून घ्या: २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगितलं आहे.

पाठ दुखताना पाय लुळा पडला, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर थेट हॉस्पिटल गाठा. "जगण्यात राम नाही" असं कोणी म्हणत असेल तर त्याला एकटं सोडू नका, १४४१६ किंवा ११२ लावा, आणि फवारणीची औषधं, गोळ्यांचा साठा कुलपात टाका.

दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते. काउंटरच्या आतल्या बाजूला एक स्टूल ठेवलंय. येताना कापलेला तुकडा नको, घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा.